टिल्मनचं शिधापाण्याचं गणित

हिमालयात जायचं ठरलं की पुण्यात आधी बुटांवर चर्चा झडते, मग सॅकवर. खायचं काय आणि किती, हे निघायच्या आदल्या रात्री उरकतं. ब्रिटिश गिर्यारोहक बिल टिल्मनची मोहीम तिथूनच सुरू व्हायची.

जन्म १८९८, इंग्लंड. पहिल्या महायुद्धात दोनदा मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक, नंतर केनियात कॉफीचा मळा. तिथेच गिर्यारोहक एरिक शिप्टनशी जोडी जमली. १९३४ मध्ये हे दोघे आणि अंग थारके, पासांग, कुसांग हे तीन शेर्पा ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या पायथ्याशी पोचले. त्याआधी तिथवर कुणाला वाट सापडली नव्हती.

एवढी छोटी तुकडी का? हिशेब मांडून बघा. माणशी दिवसाला सुमारे २ पौंड, म्हणजे ९०० ग्रॅम कोरडा शिधा. पाच जणांना महिनाभर १३५ किलो. पण तो वाहणारा हमालही जेवतो. २५ किलो उचलणारा हमाल दहा दिवस जाऊन दहा दिवसांत परतला, तर १८ किलो त्याच्याच पोटात जातं. तुमच्या वाट्याला उरतं ७. वाट चौदा दिवसांची झाली की तो फक्त स्वतःचं जेवण वाहतो! माणसं वाढवून हे सुटत नाही, उलट चिघळतं.

आता ते ९०० ग्रॅम. १०० ग्रॅम तुपात ९०० कॅलरी, ८०० ग्रॅम पीठ-तांदळात साधारण २८००. डबाबंद पदार्थांत पाणी आणि पत्राच जास्त वाहिला जातो. टिल्मन-शिप्टन भाजलेल्या जवाच्या पिठावर, साम्पावर, भिस्त ठेवायचे. आपलं सातूचं पीठ त्याच जातीचं. चहात कालवलं की झालं. ५००० मीटरवर पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय तूरडाळ शिजता शिजत नाही आणि इंधन मात्र संपतं. चिवडा-चकलीला वजन कमी, पण सॅक भरते आणि तहान लागते. (थोडी न्यावीच. मन राखायला.)

१९३६ च्या मोहिमेत नंदादेवीच्या वरच्या कॅम्पवर सहकारी चार्ल्स ह्यूस्टन डब्यातलं मांस बाधून आडवा झाला. त्याच्या जागी टिल्मन वर गेला आणि २९ ऑगस्टला नोएल ओडेलबरोबर ७८१६ मीटरच्या माथ्यावर पोचला. १९५० पर्यंत याहून उंच शिखर कुणी सर केलं नाही.

काटकसरीला मर्यादाही होती. १९३८ ची एव्हरेस्ट मोहीम त्याने अडीच हजार पौंडांच्या आत बसवली. ओडेलने जेवणावरून उघड कुरकुर केली. माथा हुकला तो मात्र लवकर आलेल्या बर्फामुळे, शिध्यामुळे नव्हे.

पुढे त्याने जुनी शिडाची बोट घेतली, ग्रीनलंड-पॅटागोनिया पालथे घातले. १९७७ मध्ये, ऐंशीला टेकलेला असताना, दक्षिण अटलांटिकमध्ये दुसऱ्या एका बोटीसह बेपत्ता झाला.

नंदादेवीचं ते आतलं खोरं १९८३ पासून बंद आहे. १९३४ मध्ये टिल्मन-शिप्टन बाहेर पडले त्या सुंदरढुंग्याच्या खोऱ्यात मात्र उत्तराखंडातल्या बागेश्वरकडून जाता येतं. जातोली हे शेवटचं गाव. शिधा तिथे पोचायच्या आधीच तोलून, माणशी पिशव्या बांधून घ्यायचा. एका दिवसाची एक पिशवी, शिवाय दोन दिवसांची जादा, कारण पावसात वाट अडली की सगळे आधी बिस्किटांवर तुटून पडतात.