बटेश्वरची दुपार

ग्वाल्हेर, रविवार, १८ मे

मे महिन्यात बटेश्वरची जुनी देवळे पाहायला जाण्यात शहाणपणा नाही, हे घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने सांगून झाले होते. परंतु काका पुढच्या महिन्यात कायमचे पुण्याला मुलाकडे जाणार आहेत आणि साठ वर्षे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहूनही त्यांनी जेमतेम पस्तीस किलोमीटरवरची ही देवळे पाहिली नव्हती. कारण त्यांच्या नोकरीच्या काळात चंबळ खोऱ्याच्या त्या बाजूला दरोडेखोरांच्या धास्तीने कोणी हौसेने फिरकत नसे. तेव्हा पहाटेच निघायचे ठरले. काकूंनी गुळाच्या दशम्या, पन्ह्याची बाटली आणि लू लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा दिला. प्रत्यक्षात निघायला साडेआठ वाजले, आणि पुढचे सगळे हाल त्या उशिराचेच.

आधी मितावलीची टेकडी चढलो. वर चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देऊळ आहे. १३२३ सालच्या शिलालेखात ते कच्छपघात घराण्यातल्या राजा देवपालाने बांधल्याचे म्हटले आहे. कडेने चौसष्ट खोल्या, त्यांच्यापुढे खांबांची गोल ओवरी आणि मधोमध शिवाचे गर्भगृह. दिल्लीची जुनी संसद यावरूनच घेतली, असे तिथे भेटणारा प्रत्येक जण सांगतो. त्याला लेखी पुरावा कोणी दाखवत नाही. मला त्या ओवरीची सावली अधिक मोलाची वाटली, कारण सूर्य कुठेही असला तरी या वर्तुळात कुठला ना कुठला भाग थंड सापडतोच. पढावलीची गढी मात्र घाईत पाहिली.

बटेश्वरला पोचेपर्यंत बारा वाजत आले होते. टेकडीच्या उतारावर वालुकाश्माची लहान लहान देवळे दाटीने उभी आहेत. आठव्या ते दहाव्या शतकांतली, गुर्जर-प्रतिहारांच्या काळची, एकूण दोनशेच्या आसपास. मात्र सावली शोधू लागलो तेव्हा लक्षात आले की ही देवळे माणसांनी आत बसावे म्हणून बांधलेलीच नाहीत. एक चिमुकले गर्भगृह, त्यावर शिखर, दारापाशी गंगा-यमुना. आत देव आणि फार तर एक पुजारी मावेल. भर दुपारी प्रत्येक देवळाची सावली त्याच्या पायाशी हातभर पट्टीएवढीच उरलेली, आणि त्या पट्टीत कुत्री आधीच येऊन निजलेली. भूतेश्वराच्या दर्शनासाठी चपला काढल्या आणि चार पावलांतच चूक उमगली. तापलेल्या फरशीवरून मी अक्षरशः उड्या मारत दार गाठले. चौकीदार हसला नाही. त्याने नुसती त्याच्या घोंगडीची घडी पुढे सरकवली.

काकांना उन्हाचे भान नव्हते. ते बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. एका देवळाच्या भिंतीशी उभे राहून त्यांनी खिशातला कागदाचा कपटा दोन दगडांच्या सांध्यात सरकवून पाहिला. तो नखभरही आत गेला नाही. ‘आणि हे पडलेले परत उचलून बसवले आहे,’ ते म्हणाले. पुरातत्त्व खात्याने २००५ पासून, पुरातत्त्वज्ञ के. के. मुहम्मद यांच्या देखरेखीखाली, या ढिगाऱ्यातून सुमारे ऐंशी देवळे पुन्हा उभी केली. कोणता दगड कोणत्या देवळाचा, हे कोरीवकाम, माप आणि खाचा जुळवूनच ओळखायचे. तेही आसपास दरोडेखोर असताना. त्यांच्याशी आपण बोलणी केली, असे मुहम्मद यांनी स्वतःच सांगितले आहे. मधूनच बसवलेला नवा, फिकट दगड लगेच ओळखू येतो. मला तो खटकला. काकांच्या मते तो तसाच दिसायला हवा, जुना असल्याचे सोंग त्याने आणू नये. त्यांचे म्हणणे मला पटले.

उतारावर मागच्या बाजूला न जुळलेल्या दगडांचे ढीग अजून पडून आहेत. त्यातल्या एका ढिगाच्या कडेला एक आमलक, म्हणजे शिखराच्या माथ्यावरचा आवळ्यासारख्या कडांचा चपटा दगड, उपडा पडला होता. त्याच्या दोन कडांमध्ये सरडा बसलेला. काकांनी रुमाल ओला करून हाताला गुंडाळला, कारण दगडाला नुसता हात लावणे अशक्य होते, आणि वितीने आमलक मोजला. साडेचार वीत. मग त्यांनी वळून जवळच्या तीन बोडक्या शिखरांकडे कितीतरी वेळ पाहिले. शेवटी पाणी संपले म्हणून मी त्यांना जवळजवळ ओढतच गाडीत आणले.

आता रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. तळपायांना कोरफडीचा गर लावून बसले आहे. कांदा खिशातच सुरकुतला. आत्ताच काकांचा फोन येऊन गेला. जेवण झाले का, पाय कसे आहेत, यातले काही न विचारता ते म्हणाले, ‘मधल्या देवळाचा असणार तो. डावीकडच्याला मोठा होईल.’