हॉप कमी म्हणजे वेग जास्त? मेशमधला फसवा हिशेब

राउटर एकमेकांमार्फत डेटा पुढे पाठवतात ते मेश नेटवर्क रडतखडत चालायला लागलं की बहुतेक जण आधी मोठा अँटेना आणतात. त्याआधी पॅकेट (डेटाचा तुकडा) कुठल्या वाटेने जातंय, ते बघा.

हॉप (एका राउटरपासून पुढच्यापर्यंतची उडी) मोजून वाट निवडणारं राउटिंग लांबच्या, जेमतेम लागणाऱ्या लिंकवर हटकून जाऊन बसतं. यावर २००३ साली एमआयटीतल्या संशोधकांनी ईटीएक्स हे माप मांडलं: एक पॅकेट पलीकडे पोचवायला सरासरी किती वेळा पाठवावं लागेल. समजा, 'अ'पासून 'क'पर्यंतच्या थेट लिंकवर जाताना ५० टक्के पॅकेट पोचतात आणि उलट दिशेने ८० टक्के. पोच (पॅकेट मिळाल्याची उलट पावती) हरवली तरी पाठवणारा तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, म्हणून दोन्ही दिशा धरायच्या. १ ÷ (०.५ × ०.८) = २.५. मधल्या 'ब'मार्गे दोन्ही टप्प्यांवर, दोन्ही दिशांना ९५ टक्के मिळत असतील तर टप्प्याला १.११, एकूण २.२२. एक हॉप वाढला, तरी हवेतला वेळ वाचला.

गोम पुढे आहे. हे टक्के मोजणारी चाचणीची पॅकेट छोटी असतात आणि ब्रॉडकास्ट म्हणून, म्हणजे एकदम सगळ्या शेजाऱ्यांना, जातात, तीही बहुधा सर्वात कमी दराने, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर १ एमबीपीएसला. ती दूरवर सुखरूप पोचतात. खरा डेटा ५४ एमबीपीएसने निघतो आणि आपटतो. बॅटमॅन-अॅडव्ह ४ या मेश राउटिंग प्रोटोकॉलमध्ये हेच होतं: लिंकची टीक्यू (दर्जाचा आकडा) २५५ पैकी २४० दिसते, फाइल मात्र सरकत नाही. ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या प्रणालीमध्ये मेश इंटरफेसचा मल्टिकास्ट दर (ब्रॉडकास्ट पॅकेट ज्या वेगाने जातात तो) १२००० केबीपीएस करा, सगळ्या नोडवर, म्हणजे मेशमधल्या प्रत्येक राउटरवर. कच्चे शेजारी यादीतून आपोआप गळतील. एखादा नोड एकटा पडला, तर तिथे राउटरच कमी आहे. दर खाली आणू नका. त्याच बैठकीत बॅटमॅनच्या खालच्या इंटरफेसचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५३२ करून टाका, नाहीतर बॅटमॅनची भर पडून १५०० बाइटच्या प्रत्येक पॅकेटचे दोन तुकडे होतात.

एकच रेडिओ आणि एकच चॅनेल असेल तर दोन हॉपला वेग निम्मा, तीनला एक तृतीयांश. राउटर एकमेकांना ऐकू येतात तोवर सेटिंग बदलून हे सुटत नाही. दोन रेडिओ घ्या, टप्पे आलटून पालटून ३६ आणि १४९ चॅनेलवर ठेवा. एकाच डब्यात ३६ आणि ४४ लावले तर एकाचं प्रक्षेपण दुसऱ्याला बहिरं करतं.

वेग मोजताना आयपर्फ आधी एकेका हॉपवर चालवा, मग टोकापासून टोकापर्यंत. एका हॉपवर ६० एमबीपीएस आणि तीन हॉपवर २० येत असतील, तर तो बिघाड नाही. ५ आले, तर स्टेशन डंपमध्ये (शेजाऱ्यांशी असलेल्या लिंकची आकडेवारी) टीएक्स रिट्राइज (पुन्हा पाठवलेल्या पॅकेटांचा आकडा) कुठल्या नोडवर फुगलेत ते शोधा.