चेसिसवरची दुसरी भोकं

निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याचा नातू आजोबांचा डॉज ट्रक क्रेनला लावून बेळगावच्या उद्यमबागेत माझ्या शेडवर घेऊन आला, तेव्हा बॉनेटखाली इंजिनच नव्हतं. ते कधीच भंगारात गेलेलं. चेसिस, केबिन, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं हौसिंग तेवढं उरलं होतं.

"मेस्त्री, माल भरायचा नाही. निपाणीतनं कोल्हापूर, बेळगाव आपण स्वतः चालवत जायचं. इंजिन कुठलं टाकायचं ते तुम्ही सांगा."

विचारलं मला, पण दोन उत्तरं तो घरूनच घेऊन आला होता. मुंबईच्या भंगारात त्याला जुन्या डॉजचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन मिळत होतं. आजोबांच्या गाडीत ओरिजिनलच हवं, ही त्याची ओढ. मित्रांचं म्हणणं वेगळं: एसयूव्हीचं 2.2 लिटरचं कॉमन रेल डिझेल बसव, गाडी शंभरनं पळेल.

मी आधी क्राऊन बघतो, म्हणजे मागच्या हौसिंगमधलं मोठं दातेरी चाक. इंजिन कितीही ताकदीचं असो, चाकाला काय मिळणार ते मागच्या हौसिंगवर ठरतं. मागची चाकं जॅकवर घेतली, एक चाक हेल्परला धरायला लावलं आणि दुसरं दोनदा फिरवलं. म्हणजे क्राऊन एकदा फिरतो. प्रोपेलर शाफ्टवरची खडूची खूण सहा फेऱ्यांना जराशी कमी पडली. क्राऊनचा रेशो 5.8 धरला, म्हणजे शाफ्टच्या 5.8 फेऱ्यांना चाकाचा एक. टायरचा एक फेरा अडीच मीटरच्या आत. टॉप गिअर सरळ, एकास एक धरला तर 2800 आरपीएमला ताशी 70 च्या आसपास. मालाच्या गाडीचा क्राऊन तो, शंभरसाठी केलेलाच नाही.

क्राऊन बदलता येतो. पण पेडलला जोर देणारा बूस्टर नसलेल्या त्या ड्रम ब्रेकवर शंभरनं पळणारी गाडी मी कुणाच्या हातात देणार नाही, हे त्याला तोंडावर सांगितलं. शिवाय कॉमन रेल म्हटलं की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर आला, सगळं वायरिंग आलं, पेडलचा सेन्सर आला. रात्री तवंदी घाटात सेन्सर गेला तर पाना घेऊन काय करणार?

राहिलं पेट्रोल. फोनवरच्या फोटोत ब्लॉकला व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरच्या बोअरपर्यंत चीर दिसत होती. साइड व्हॉल्व्हच्या, म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असलेल्या इंजिनाचं हे नेहमीचं दुखणं. तरी आमच्या उद्यमबागेत चिरेला शिवण घालणारे, बोअरमध्ये स्लीव्ह बसवणारे हात आहेत. खरं सांगायचं तर त्याच्या आजोबांसाठी मीही त्याच बाजूला झुकलो होतो.

तोवर हेल्पर चेसिसला रॉकेल लावून तारेच्या ब्रशनं घासत होता. त्यानं हाक मारली. इंजिनाच्या जागी, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर चार-चार जादा भोकं. गॅसनं जाळलेली नव्हेत, नीट आखून ड्रिल केलेली. डॉजच्या पेट्रोल इंजिनाला तिथं आधार लागत नाही.

नातवानं लगेच निपाणीला फोन केला. दुपारी आजोबांचे जुने ड्रायव्हर तात्या आले. काठी बाजूला ठेवून वाकले, भोकांवरून अंगठा फिरवला.

"पर्किन्स इंजनाची ही. पेट्रोल लई प्यायचा बाबा. मालकांनी कोल्हापुरात उद्यमनगरला नेऊन डिझेल बसविलं. मी क्लीनर होतो तवा. मी चालवला तो डिझेलच."

नातू गप्प झाला. मग पिशवीतनं आरसी बुक काढलं. आतली हातानं केलेली नोंद कन्नडात, ती त्यानं कधी वाचलीच नव्हती. माझा हेल्पर बैलहोंगलचा. त्यानं बोट ठेवून वाचलं: इंधन, डिझेल.

पर्किन्स पी-6 म्हणजे सहा सिलिंडर, 4.7 लिटर, अखंड बिडाचं धूड. ते या पुढच्या स्प्रिंगांनी वर्षानुवर्षं पेललं होतं, म्हणजे वजनाची माझी काळजी मिटली. पण पी-6 चे पार्ट आता कुठून आणायचे? मी टाटाचं 497 डिझेल सुचवलं, जुन्या 407 मधलं. चार सिलिंडर, 97 मिलिमीटरचा बोअर, 2956 सीसी. मेकॅनिकल पंप असल्यामुळे डिझेल आलं की चालू. पार्ट संकेश्वरलासुद्धा मिळतात. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की अल्टरनेटरमागे व्हॅक्युम पंप असतो, त्यावर ब्रेकला बूस्टर देता येतो. सहा सिलिंडरचं 697 त्यानं विचारलं, पण 5.7 लिटर आणि एअर ब्रेकच्या गाड्यांचं ते इंजिन रिकाम्या ट्रकाला कशाला?

"सत्तरच्या वर नाही पळणार," मी परत बजावलं.

"आजोबा पन्नासनं जायचे," तो म्हणाला.

शेडच्या कोपऱ्यात 497 चा रिकामा ब्लॉक पडून होता. खाली सम्प, म्हणजे ऑइलचं भांडं, लावून चेन ब्लॉकनं उचलला आणि चेसिसमध्ये सोडला. ॲक्सल आणि सम्पमध्ये तीन बोटं जागा राहिली, स्टिअरिंग बॉक्सही मोकळा. ब्रॅकेट मात्र पर्किन्सच्या भोकांच्या चार इंच मागे येत होतं. हेल्परनं ड्रिल मशीन आणलं. मी ते परत ठेवायला लावलं आणि पुठ्ठा कापून अडॅप्टर प्लेटचं माप घेतलं, जुन्याच भोकांवर बसणारी. पुठ्ठ्याचं एक टोक तात्यांनी धरलं होतं.