अण्णांचा काटा जिथे थांबायचा

३१ जानेवारी २०२० ला शुक्रवार होता. मी माहेरी, भुईंजला होते. संध्याकाळी साडेसातला अण्णांनी रोजच्यासारखा रेडिओ लावला आणि बीबीसी हिंदीचं ‘दिनभर’ ऐकलं. ते शेवटचं. ११ मे १९४० ला सुरू झालेलं बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हवरचं, म्हणजे दूरदूरच्या देशांपर्यंत पोहोचणाऱ्या रेडिओलहरींवरचं, प्रसारण त्या रात्री थांबलं. कार्यक्रम संपला तरी अण्णा खुर्चीतून उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी साडेसातला सवयीने हात पुन्हा बटणाकडे गेला. काटा नेहमीच्या जागी होताच. तिथे नुसती खरखर होती.

“आता शॉर्टवेव्हला काही राहिलं नाही गं,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी रेडिओवर कापडी झाकण घातलं.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. एक स्टेशन गेलं म्हणजे सगळं गेलं का? मी वाईत राहते, घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. रेडिओचं कसलंही शिक्षण माझं झालेलं नाही. पण दोनच महिन्यांत लॉकडाउन लागला, लग्नं पुढे गेली, शिवायला कापड येईना आणि हातात वेळच वेळ आला. तेव्हापासून शॉर्टवेव्ह ऐकते आहे. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी हे लिहिते, कारण मला सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं.

सुरुवात मी फुकटात केली. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात एक रेडिओ आहे, तो इंटरनेटवरून जगातलं कुणीही फिरवू शकतं. मोबाइलवर बोटाने सरकवायचं आणि ऐकायचं. बँड म्हणजे स्टेशनांची एकेक पट्टी, स्टेशन पडद्यावर कसं दिसतं, हे मी तिथे शिकले. पण चार-सहा दिवसांत लक्षात आलं की हे आकाश तिकडचं आहे. आपल्या गच्चीवर काय उतरतं ते कळायला आपलाच रेडिओ हवा.

पहिली खरेदी फसली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘वर्ल्ड रिसीव्हर’ लिहिलेला, काट्याचा, स्वस्तातला सेट घेतला. काट्याच्या जाडीत चार-चार स्टेशनं एकमेकांवर बसलेली, वेगळी काढता येईनात. नंतर २०२१ च्या दिवाळीत टेकसन पीएल-३३० घेतला. हातात मावतो, फ्रिक्वेन्सी आकड्यांत दाखवतो, शिवाय त्यात एसएसबी आहे, त्याचं काम पुढे सांगते. त्याची बॅटरी पाहून ह्यांनी ड्रॉवर उघडला आणि जुन्या नोकिया ११०० मधली बॅटरी काढून दाखवली. अगदी तीच, बीएल-५सी. आजही ती कुठल्याही मोबाइलच्या दुकानात मिळते. नवीन माणसाने पैसे साठवून असा आकडेवाला सेट घ्यावा, माझ्यासारखा दोनदा खर्च करू नये.

तरीही पहिले पंधरा दिवस काही धड ऐकू येत नव्हतं. सगळीकडे एक जाडसर घुरघुर. दोन-तीन स्टेशनं लागायची, तीही घोंगड्याखालून बोलल्यासारखी. मला वाटलं, अण्णा म्हणाले तेच खरं.

मग एका रात्री लाइट गेली.

रेडिओ चालूच होता. घुरघुर अशी तुटली, जणू कुणी कात्री लावली. ३१ मीटरच्या बँडवर जिथे नुसता घरघराट होता, तिथे एक बाई स्वच्छ इंग्रजीत बातम्या वाचत होती. थोडं पुढे चिनी गाणं. त्याच्याही पुढे अरबीत कुणी तरी शांतपणे बोलत होतं. अंधारात मी बटण एकेक घर पुढे सरकवत गेले आणि जवळजवळ प्रत्येक घरात माणूस होता. चाळीस मिनिटांनी लाइट आली आणि सगळे पुन्हा त्या घुरघुरीखाली गेले.

म्हणजे आवाज आकाशातला नव्हता, आमच्या घरातला होता. दुसऱ्या दिवशी मी रेडिओ हातात घेऊन घरभर फिरले. मोबाइलचा चार्जर, सेट-टॉप बॉक्स, एलईडी बल्ब, जवळ गेलं की प्रत्येकाचा वेगळा सूर. यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि तीच कटकट रेडिओला ऐकू येते. माझ्या शिलाई मशीनची मोटरही रेडिओला त्रास देते, पायडल दाबलं की करकर. हल्ली काही ऐकायचं असेल तेव्हा मी पायाच्या मशीनवर बसते.

सगळं बंद करूनही एक बारीक भुणभुण राहत होती. बोर्डावरची एकेक बटणं पाडत गेले, तर ती निघाली देवघरातून. दत्ताच्या फोटोभोवती सासूबाईंनी हौसेने लावलेली एलईडीची माळ. सांगायचं कसं, याचा मी दोन दिवस विचार केला.

“आई, रात्री तासभर ही माळ बंद ठेवू का? रेडिओला त्रास होतो तिचा.”

“ठेव की. समई आहे देवापुढे,” त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने त्या स्वतःच गच्चीवर आल्या, माझ्याशेजारी सतरंजीवर बसल्या आणि विचारलं, “यावर सिलोन लागतं का गं?”

त्या वयाच्या माणसांना शॉर्टवेव्ह म्हणजे सिलोनच. बुधवारी रात्री आठला बिनाका गीतमाला, अमीन सायानींचा आवाज. १९५२ साली आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी जवळपास बंद झाली आणि अख्खा देश रेडिओ सिलोनकडे वळला. तेव्हाचे माहिती आणि नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर आपले पुण्याचे. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी पुष्कळ केलं, ते मी मानते, पण गाणी अडवून अडत नाहीत. समुद्रापलीकडून, डोंगरावरून, वर आकाशातल्या आयनांबर नावाच्या थराला धडकून ती आमच्या सासूबाईंच्या माहेरी पोहोचलीच. विविध भारती सुरू व्हायला १९५७ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

आयनांबर शाळेत भूगोलात वाचलं होतं, पाठ करून विसरलेही होते. आता ते मला रोज दिसतं म्हटलं तरी चालेल. एफएमच्या लहरी सरळ जातात आणि निघून जातात. शॉर्टवेव्हच्या लहरी वर जाऊन तिथून परत वळतात, जमिनीवर येतात, पुन्हा वर जातात, अशा हजारो किलोमीटर चालतात. दिवसा उन्हाने आयनांबराचा सगळ्यात खालचा थर जागा असतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. म्हणून साधा हिशेब, ऊन असताना वरचे बँड बघा, १९, १६, १३ मीटर. दिवेलागणीनंतर खाली या, ३१, ४१, ४९. हे मीटरचे आकडे अण्णांच्या रेडिओच्या काचेवर छापलेले होते आणि लहानपणी मला ते कापडाचं माप वाटायचं. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटर येतात. ६ मेगाहर्ट्झ म्हणजे ५० मीटर, १२ म्हणजे २५.

संध्याकाळी साडेसहा-सात ही सगळ्यात चांगली वेळ. तेव्हा दोन्हीकडचे बँड थोडे थोडे उघडे असतात. आमच्याकडे पसरणीच्या घाटामागे सूर्य गेला की मी हातातलं ब्लाउज बाजूला ठेवते.

वायरीचं, म्हणजे जास्तीच्या एरियलचं, सांगायचं तर, दुकानातून साधी प्लास्टिकच्या वेष्टणाची तांब्याची वायर आठ-दहा मीटर घ्या. गच्चीवर कपड्यांच्या दोरीसारखी बांधा, दोन्ही टोकांना नायलॉनची दोरी लावून. एक टोक खाली आणून साल काढा आणि चिमट्याने रेडिओच्या दांडीला पकडा. विजेच्या तारांच्या आसपास ती कुठेही जाता कामा नये. ढग गडगडायला लागले की आधी चिमटा काढायचा, मग कपडे गोळा करायचे. मे महिन्यातल्या वळवाच्या दिवसांत मी वायर रेडिओला लावतच नाही.

आणि घरात एक जास्तीचं घड्याळ ठेवा. स्टेशनांची सगळी वेळापत्रकं यूटीसीत, म्हणजे जागतिक वेळेत असतात, आपल्या साडेपाच तास मागे. माझ्या मशीनसमोर भिंतीवर दोन घड्याळं आहेत. गिऱ्हाईक बायका येतात आणि दुसरं घड्याळ बंद पडलंय म्हणून सांगतात.

वेळापत्रकं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. हे मला माहीत नव्हतं. मार्च २०२२ मध्ये एका सोमवारी ओळखीची निम्मी स्टेशनं जागेवरून गायब. मी रेडिओची बॅटरी काढली, घातली, वायर तपासली, रडकुंडीला आले. ती सगळी शेजारच्याच घरांत राहायला गेली होती.

रेडिओ ठीक आहे की नाही ते बघायचं असेल तर रात्री ५००० किंवा १०००० किलोहर्ट्झला जा. तिथे चीनच्या पुचंगहून बीपीएम नावाचं वेळेचं स्टेशन टिकटिक करत असतं, दर सेकंदाला एक. ती टिकटिक लागली की समजायचं, आपला रेडिओ बरा आहे आणि आकाशही.

एसएसबीचं म्हटलं होतं ना. साध्या रेडिओवर न कळणारं बोलणं त्याने उलगडतं. ६६७६ किलोहर्ट्झला रात्री जा. साध्या मोडवर बदकं भांडल्यासारखं ऐकू येईल. एसएसबीचं बटण दाबा आणि बारीक चाक अगदी थोडं थोडं फिरवा, सुईत दोरा ओवताना जितका हात स्थिर ठेवतो तितका. बदकं हळूहळू माणसं होतात. दर तासाला २५ आणि ५५ मिनिटांनी मुंबईहून विमानांसाठी हवामान सांगतात: वारा कुठून, किती दूरचं दिसतंय, ढग किती उंचीवर, तापमान किती. ५ आणि ३५ ला कोलकाता. पहिल्यांदा ‘मुंबई’ हा शब्द त्या खरखरीतून उमटला तेव्हा मी गच्चीवरून खाली ओरडले होते. वर एक विमान दिवे लुकलुकवत चाललं होतं. जे त्या वैमानिकाच्या कानात, तेच माझ्या.

मराठीचंही सांगते. बीबीसीवर मराठी प्रसारण १९४२ ते १९५८ अशी सोळा वर्षं होतं, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? अण्णांनाही नव्हतं. आणि एका रात्री बँड चाळता चाळता मला अचानक मराठी लागलं. ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचा, ख्रिस्ती प्रवचनाचा कार्यक्रम. विषय माझ्या रोजच्या ऐकण्यातला नव्हता, पण दहा परक्या भाषांनंतर “श्रोतेहो” ऐकलं आणि मी शेवटपर्यंत हलले नाही.

ऐकलेलं वहीत लिहा. तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, काय ऐकलं, कसं ऐकलं. हेच नीट लिहून स्टेशनला पाठवलं तर काही स्टेशनं पोचपावती म्हणून कार्ड पाठवतात, त्याला क्यूएसएल म्हणतात. माझं पहिलं कार्ड रेडिओ रोमानिया इंटरनॅशनलचं. बुखारेस्ट इथून सव्वापाच हजार किलोमीटरवर आहे. पोस्टमनदादांनी पाकीट माझ्या हातात देण्याआधी तिकीट नीट पाहून घेतलं. ते कार्ड मी काचेखाली, मापाच्या वहीशेजारी ठेवलंय.

कधी सूर्यच सगळं बंद करतो. १० मे २०२४, अक्षय्य तृतीया. आमरस झाला होता, मी दुपारी वरचे बँड चाळत होते. साडेबाराच्या सुमाराला एकेक स्टेशन बुडत गेलं आणि काही मिनिटांत बँड ओसाड. यावेळी मात्र मी बॅटरी काढली नाही. वाट पाहिली. तासाभराने आवाज एकेक करून वर आले. सूर्यावर मोठी ज्वाळा उसळली होती. त्याच रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल प्रकाश दिसला, त्याचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पाहिले. सूर्य खवळलाय हे मला आदल्या दुपारीच, शांततेतून कळलं होतं.

अण्णांचं राहिलं. २०२२ च्या हिवाळ्यात मी माझा रेडिओ भुईंजला नेला, पडवीतल्या बल्बचं बटण बंद केलं आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तासभर तो खाली ठेवला नाही. पुढच्या आठवड्यात त्यांच्या जुन्या फिलिप्सवरचं झाकण निघालं. आता आठवड्यातून एक-दोनदा रात्री फोन येतो.

“एकतीस मीटरला कोण आहे बघ गं. मला भाषा ओळखू येईना.”

मग ते तिकडे, मी इकडे, बारा किलोमीटरवर, एकच आवाज ऐकत बसतो. फोन चालूच असतो. मी वेळापत्रक चाळत असते, ते तर्क लढवत असतात: पश्तो असेल, नाही, पश्तो मी ऐकलीय. गेल्या वेळी मी वेळापत्रकात शोधत असतानाच मध्येच त्या बोलण्यात ‘ऑल इंडिया रेडिओ’ असे शब्द आले. आकाशवाणीचं बलुची प्रसारण होतं ते.

“अगं, हे तर आपलंच,” अण्णा म्हणाले. “थांब, फोन ठेवू नकोस. अजून ऐकू.”