पालथी रोवळी

परवा रात्री दिवे गेले. मेणबत्ती सापडेना, म्हणून मोबाइलचा टॉर्च लावून तो ओट्यावर ठेवला आणि डोळ्यांवर उजेड येतो म्हणून वर पितळी रोवळी पालथी घातली. रोवळी आजेसासूबाईंच्या वेळची. भोकं नुसती नाहीत, फुलांच्या आकारात पाडलेली. क्षणात छतावर, फळीवरच्या डब्यांवर, फ्रिजवर भलीमोठी फुलं उमटली. रोज तांदूळ धुताना बोटांखालून जाणारी तीच फुलं, पण आता परातीएवढी.

मला अनिला कय्यूम आगा आठवल्या. लाहोरमध्ये वाढलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या या चित्रकर्तीचं ‘इंटरसेक्शन्स’ मी फक्त फोटोंत पाहिलंय. साडेसहा फुटांची एक चौकोनी लाकडी पेटी, लेझरनं कोरलेली, काळी रंगवलेली, छताला टांगलेली. आत एकच दिवा, ६०० वॅटचा. बस्स. बाकी सगळं काम सावल्यांचं. चारी भिंती, जमीन, छत नक्षीनं भरून जातं. २०१४ साली मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स इथल्या ‘आर्टप्राइझ’ स्पर्धेत लोकांची मतंही याच पेटीला पडली आणि परीक्षकांचं बक्षीसही मिळालं, जरा विभागून. लोक आणि परीक्षक यांचं एकमत होणं आपल्याकडे एकांकिका स्पर्धेतसुद्धा दुर्मीळ.

नक्षीचं मूळ स्पेनमधल्या ग्रनाडाचं. तिथला अलहंब्रा महाल आगा यांनी २०११ मध्ये पाहिला. तो पाहताना त्या भारावल्या, आणि लाहोरचं बालपणही आठवलं. तिथे बायकांनी नमाज घरी पढायची, मशिदीतली ती नक्षीदार, सामुदायिक जागा पुरुषांची.

या नक्षीचं गूढ वाटतं, पण पहिली पायरी आपण सगळ्यांनी चढलेली आहे. पाचवीत कंपासपेटी हातात आल्यावर प्रत्येक जण वर्तुळ काढतो, तीच त्रिज्या कायम ठेवून कडेवर कंपास सहा वेळा फिरवतो आणि सहा पाकळ्यांचं फूल काढतो. अलहंब्राचे कारागीर त्या फुलापाशी थांबले नाहीत, एवढाच काय तो फरक. (माझी गाडी तिथेच थांबली, पुढे कंपासनं बाकावर नाव कोरलं.)

अशा नक्षीदार जाळीचं खरं काम मात्र त्या पेटीच्या उलटं. कडक उन्हाच्या मुलखात ती वारा आत घेते आणि प्रखर उजेड गाळून देते. जनानखान्यात तिचा आणखी एक उपयोग: आतल्या बाईला बाहेरचं दिसावं, बाहेरच्याला ती दिसू नये. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) बीबी का मकबऱ्यात कबर खालच्या पातळीवर आहे आणि भोवती संगमरवरी जाळीचा अष्टकोन. आगा यांनी दिवाच जाळीच्या आत नेला आणि ती उलटी केली. म्हणजे आकाशकंदील केला म्हणा ना. आता जाळीच्या मागे कोणी लपत नाही. खोलीत शिरेल त्याच्या अंगावर नक्षी पडते, मग तो बाप्या असो की बाई, आणि त्याचीही सावली भिंतीवर जाऊन नक्षीत मिसळते.

या किमयेला दिवा एकटा आणि लहान लागतो. दिव्यापासून जाळी जितकी लांब, त्याच्या पाचपट लांब भिंत असेल तर पाकळीही पाचपट होते, पण रेघ स्वच्छ राहते ती उजेड एका बिंदूतून निघतो म्हणून. लांबलचक ट्यूबपुढे जाळी धरली तर नुसता धुरकट गोंधळ. सूर्यही काही बिंदू नाही. म्हणून तर कौलाचं भोक वाकडंतिकडं असलं तरी जमिनीवरचा कवडसा गोल पडतो. तो भोकाचा आकार नसतोच, सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास ग्रहणात झाडाखालचे कवडसे चंद्रकोरी होतात ते त्यामुळेच.

हे सगळं मी मुलीला समजावत होते आणि ती रोवळी वरखाली करून फुलं फुगवत होती. तेवढ्यात सासूबाई चाचपडत आत आल्या नि दारातच थांबल्या. पांढऱ्या पातळावर, हातांवर, कपाळावर फुलं. त्यांनी पदर समोर धरला, थोडा हलवला, फुलं सरकतात का पाहिलं.

“खडीचं पातळ होतं असं माझं,” म्हणाल्या. मग रोवळीकडे लक्ष गेलं. “तापली नाही ना गं ती? सकाळी तांदूळ धुवायचेत.”