टब का काढला? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्याकडे कोणी आलं आणि बाथरूमला जाऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "अगं, टब कुठे गेला?" नणंदेने विचारलं, आमच्या मोबाईल होमच्या पार्कातल्या, म्हणजे वस्तीतल्या, तीन-चार जणांनी विचारलं, मागे घराची किंमत काढायला एक एजंटबाई आल्या होत्या त्या तर सरळ म्हणाल्या की एकच पूर्ण बाथरूम असलेल्या घरात टब नसला की लहान मुलंवाली गिऱ्हाइकं दारातूनच परत जातात, तुम्ही चूक केलीत. मी प्रत्येक वेळी म्हणते, जागा कमी पडत होती. ते खरं नाही. जागा तेव्हाही ५४ बाय २७ इंच होती आणि आताही तेवढीच आहे. एकदा काय ते नीट लिहून टाकते.

२०१८ साली कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये हे घर घेतलं, १९८४ सालचं सिंगल-वाइड, म्हणजे कारखान्यात बनवून आणलेलं लांब अरुंद मोबाईल होम. का घेतलं, घराखालच्या जागेचं भाडं किती, मोबाईल होममध्ये कोणी राहतं का, हे सगळं तुमच्याशी बोलून झालंय, परत नको. तेव्हा आतला टब पिवळा पडलेला, तळाशी बारीक तडा, म्हणजे बदलायचा होताच. नवरा पहिल्या दिवसापासून म्हणत होता शॉवर करू. त्याचं म्हणणं की आपला वॉटर हीटर ३० गॅलनचा, टब नीट भरायचा तर ४० गॅलनच्या आसपास पाणी लागणार, अर्ध्यातच गरम पाणी संपतं, मग एवढा खटाटोप कशाला. मी ऐकलं नाही. बाळ होणार होतं, बाळाला टब लागतो, विकताना टब लागतो, हे सगळं मी त्याला ऐकवलं, आणि खरं कारण सांगितलं नाही ते हे की मलाच टब हवा होता. सांगलीला आमच्याकडे न्हाणीघर म्हणजे चार बाय चारची मोरी, बाहेर पुढचा माणूस वाट बघत उभा. आयुष्यात एकदा कोणी दार न वाजवता पाण्यात पडून राहायचं होतं मला. यात चूक काय होती हे मला आजही कळत नाही.

टब मिळवायलाही त्रास झाला. दुकानात सगळे ६० बाय ३० चे, साध्या घरांचे. आमच्या मापाचा ऑर्डर करून मागवावा लागला. जुना टब आणि मागचं पॅनेल काढल्यावर दोन दिवस भिंत उघडी होती, आतले स्टड, म्हणजे उभे लाकडी खांब, दिसत होते, आणि काम करणाऱ्या माणसाने मला विचारलं, भिंत उघडीच आहे तर धरायच्या हँडलसाठी आत आडवी फळी टाकून ठेवू का, नंतर करता येणार नाही. आमच्या भिंती पातळ, वर नुसतं पॅनेल, स्टड सोडून कुठेही स्क्रू मारला तर तो पोकळीत जातो. मी म्हटलं, नको, आम्ही दोघं तिशीतले, हँडल काय करायचंय. एक फळी. त्याने बहुतेक पैसेही लावले नसते.

मुलीसाठी टब खरंच छान होता, हे मी नाकारणार नाही. मग २०२३ च्या सप्टेंबरात आई आली, सहा महिन्यांसाठी. वय ७१. आईला शॉवर कधीच आवडला नाही, तिला बादली आणि तांब्या लागतो, आणि इथल्या बाथरूमच्या जमिनीला ड्रेन नसतो हे तिला पटायलाच आठवडा गेला. आमच्याकडे तर खाली व्हिनाइल आणि त्याच्याखाली पार्टिकल बोर्ड, म्हणजे दाबलेला लाकडाचा भुसा, पाणी मुरलं की ते भिजलेल्या बिस्किटासारखं फुगतं. म्हणजे बादली टबात ठेवायची आणि चौदा इंचाची कड ओलांडून आईने आत जायचं. धरायला काही हवं म्हणून मी भिंतीला नुसतं चिकटणारं सक्शन कपवालं हँडल आणलं. त्याच्या खोक्यावर लिहिलं होतं की गुळगुळीत पृष्ठभागावरच लावा आणि त्यावर अंगाचा सगळा भार टाकू नका. आमच्या पॅनेलवर टाइलसारख्या रेघा होत्या. मी ते वाचलं होतं. दर दोन-तीन दिवसांनी मी हँडल दाबून बघायची, घट्ट आहे ना, आणि आईला म्हणायची, धर बिनधास्त.

१२ नोव्हेंबर, रविवार, नरकचतुर्दशी. आईने पहाटे पाचला सगळ्यांना उठवलं. मुलीला पाटावर बसवून तेल लावलं, मग मला लावलं, लग्नानंतर पहिल्यांदा आईच्या हातचं तेल. मुलीची आंघोळ झाली, माझी झाली, नवऱ्याची झाली. आई शेवटी. ती नेहमीच शेवटी. तीन जणांच्या अंगावरचं तेल आणि उटणं त्या टबात वाहून गेलं होतं आणि मी वरून नुसतं पाणी मारलं होतं, साबणाने घासलं नव्हतं, कारण चकल्या तळायच्या राहिल्या होत्या. मी ओट्यापाशी होते. आधी तांब्या पडल्याचा आवाज आला, मग दुसरा, तो आमच्या घरात असा येतो की सगळी फ्लोअर हलते.

दार उघडलं तर आई टबात आडवी, एक पाय कडेवरून बाहेर, हँडल हातात. भिंतीवरचं हँडल तिच्या हातात. नळ चालू होता. ती म्हणाली, आधी पाणी बंद कर, वाया जातंय.

मला तिला उचलता आलं नाही. सत्तावीस इंचाच्या टबात दोन माणसं मावत नाहीत, मी आत पाय ठेवला तर माझाच पाय तेलावरून सरकला, दार २४ इंचाचं, नवरा आत आला की मला बाहेर जावं लागायचं. ॲम्ब्युलन्सला फोन केला म्हटल्यावर आई रडायला लागली, दुखतंय म्हणून नाही, मला असं कोणी बघायला नको, आधी कपडे घाल. उजवं मनगट वाकडं झालेलं आणि मी त्या हातातून गाऊनची बाही घालायचा प्रयत्न करत होते, ती ओठ दाबून बसलेली, आणि बाहेर मुलगी विचारत होती की आजी टबात का झोपली. मनगटाचं हाड मोडलं होतं. खुबा वाचला. हॉस्पिटलमध्ये संध्याकाळपर्यंत बसलो होतो, तिच्या मानेवर उटणं तसंच वाळलेलं, सगळ्या खोलीला त्याचा वास, मी ओल्या टिश्यूने पुसत होते तर म्हणाली, राहू दे, दिवाळी आहे.

पुढचे दोन आठवडे आई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, मीच धांदरट, नीट धरलं नाही. आणि मी तिला तसं सांगू दिलं. एकदाही म्हटलं नाही की आई, तू नीटच धरलं होतंस.

फेब्रुवारीत टब काढला. तेव्हा आई इथेच होती, प्लास्टर निघालं होतं. टबाखाली बघितलं तर ड्रेनपाशी पार्टिकल बोर्ड काळं पडून फुगलेलं, मधल्या वर्षांत जॉइंट हळूहळू गळत होता आणि वरून काहीच कळलं नव्हतं. तेवढा तुकडा कापून प्लायवूड घातलं. टबाचा ड्रेन दीड इंची होता तो शॉवरसाठी दोन इंची केला, त्यासाठी घराखाली शिरून तळाला लावलेलं आवरण कापून परत चिकटवावं लागलं. ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सांगते, कॅलिफोर्नियात मोबाईल होमच्या अशा कामाचं परमिट सिटी देत नाही, राज्याचं हाऊसिंग खातं देतं. आणि एकसंध शॉवर युनिट बघूच नका, आपल्या दारांतून आत जात नाही, तुकड्यांचंच घ्या. आमची आताची कड चार इंच आहे, बसायला सीट आहे, हातात धरायचा शॉवर आहे, आणि तीन बाजूंनी भिंतीत फळ्या आहेत. स्टीलच्या बारला मी स्वतः लोंबकळून बघितलं.

आता तुमचा पुढचा प्रश्न मला माहीत आहे, कारण नवऱ्यानेही तोच विचारला होता. दोष तर हँडलचा होता, मग फळी टाकून टबच का नाही ठेवला? मुलीचाही राहिला असता, घराची किंमतही राहिली असती. मी तेव्हा त्याच्यावर ओरडले, की चौदा इंचाची कड बार लावून कमी होत नाही. ते खरंच आहे, आत्ताही म्हणते. पण आई मार्चमध्ये परत जाणार होती आणि तेव्हा जेमतेम महिना उरला होता, म्हणजे हा शॉवर कोणासाठी केला? मला तो टब डोळ्यासमोर नको होता, एवढंच असेल तर तेही असेल. शॉवरच बरोबर असं मी कोणाला सांगत नाही. मुलगी अजून विचारते, मैत्रिणीच्या घरी टब आहे, आपल्याकडे का नाही. ड्रेनवर नॅपकिन टाकून त्या चार इंचांत पाणी साठवते आणि पाय दुमडून त्यात बसते. कधी मी रागावते, पाणी बाहेर आलं तर फ्लोअर जाईल म्हणून, आणि कधी दार लोटून घेते.

आईने त्या सीटवर तीन आठवडे आंघोळ केली. बादली समोर, तांब्या डाव्या हातात. म्हणाली, हे आधीच केलं असतंस तर. पुढे काही बोलली नाही. त्यानंतर ती आलेली नाही. फोनवर म्हटलं की ये, तर म्हणते बघू, उजव्या हाताने अजून कपडे पिळता येत नाहीत, येऊन तुझ्यावरच भार.

भिंत उघडी असताना त्या माणसाने मला फळीचं विचारलं होतं, हे मी तिला सांगितलेलं नाही. ताई हे वाचेल आणि तिला वाचून दाखवेल. दाखवू दे.