स्वतःचा ट्रान्सफॉर्मर बसवताना न्यूट्रल आणि अर्थिंगचं काम कसं करून घेतलं, माझा अनुभव

साताऱ्याजवळ आमचं मशीन शॉप आहे, लेथ, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), वेल्डिंग सेट असा पसारा. लोड वाढला म्हणून ११ केव्ही कनेक्शन घेऊन स्वतःचा २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर बसवला. कोटेशनमध्ये केबल आणि पॅनेलचे रेट सगळे घासून बघतात पण अर्थिंगची (जमिनीशी करायच्या जोडणीची) ओळ कुणी वाचत नाही, आणि मला विचाराल तर जीव वाचवणारी ओळ तीच.

११ केव्हीच्या लायनीवर तीनच तारा येतात, न्यूट्रल (करंटची परतीची तार) नसतोच. ट्रान्सफॉर्मर डेल्टा-स्टार असतो (११ केव्हीची बाजू त्रिकोणात जोडलेली, खालची बाजू एका सामाईक बिंदूला; नेमप्लेटवर डीवायएन ११), म्हणजे ४३३ व्होल्टच्या बाजूचा न्यूट्रल आपल्याच ट्रान्सफॉर्मरमध्ये तयार होतो आणि तो जमिनीला नीट बांधायची जबाबदारी पण आपलीच. नियमाने न्यूट्रलला दोन स्वतंत्र जोडण्या दोन वेगळ्या खड्ड्यांत (जमिनीत पाइप पुरून केलेल्या), ट्रान्सफॉर्मरच्या बॉडीला पण दोन, आणि लाइटनिंग अरेस्टरचा (आकाशातल्या विजेचा झटका जमिनीत सोडणाऱ्या उपकरणाचा) खड्डा वेगळा. आमच्या ठेकेदाराने सगळं मिळून तीनच खड्डे धरले होते. मी पाच करून घेतले. आमच्याकडे वर थोडा मुरूम आणि खाली लगेच काळा पाषाण, त्यामुळे पाइप अर्धा कापून टाकू अशी बोलणी सुरू झाली, पण दगड फोडायचा ब्रेकर लावून पूर्ण खोली घेतली, मीठ-कोळसा भरला आणि अर्थ टेस्टरने खड्ड्यांच्या रोधाचं (ओहमचं) रीडिंग माझ्यासमोर घ्यायला लावलं.

खरा वाद पुढे झाला. शॉपसाठी वेगळे खड्डे आहेत, मग तिथली मशीनच्या बॉड्यांना जोडलेली अर्थची पट्टी ट्रान्सफॉर्मरपर्यंत न्यायची गरज काय, असं ठेकेदाराचं म्हणणं. मी कागदावर हिशोब मांडला. समजा लेथच्या बॉडीला फेज लागला आणि करंटला फक्त मातीतूनच ट्रान्सफॉर्मरकडे परत जायचंय. दोन्हीकडचे खड्डे धरून ३ ओहम झाले तर २४० व्होल्टला करंट फक्त ८० अँपिअर. १०० अँपिअरचा एमसीसीबी (जास्त करंट गेला की आपोआप सप्लाय तोडणारा स्विच) त्यावर उडणारच नाही आणि लेथची बॉडी तशीच जिवंत राहणार, त्यावर हात ठेवणाऱ्या पोराचं काय? पट्टी थेट ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल अर्थिंगला जोडली की वाट धातूची होते, करंट शेकड्यांत जातो आणि एमसीसीबी लगेच उडतो. हिशोब बघितल्यावर ते तयार झाले, जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाची) पट्टी पूर्ण ओढली.

विद्युत निरीक्षकांची तपासणी आणि परवानगी होऊन चार्जिंग झालं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला सप्लाय दिला. फेज-न्यूट्रल २५० च्या आसपास, सगळं छान. तरी ऑफिसचा एसी आणि लाइटी चालू असताना टाँगटेस्टर (तारेभोवती अडकवून करंट मोजायचं मीटर) अर्थच्या पट्टीवर लावला तर तिच्यातून काही अँपिअर वाहत होते! पट्टीत रोजचा करंट असायलाच नको. पॅनेल उघडलं तर न्यूट्रल बसबार आणि अर्थ बसबार (सगळे न्यूट्रल आणि सगळे अर्थ ज्यांना जोडतात त्या दोन पट्ट्या) यांच्यामध्ये एक जाड जंपर, म्हणजे जोडतार, टाकलेला. टाकणारा मुलगा म्हणाला, "साहेब, वर जाऊन दोन्ही एकच की." वर एकच आहेत हे बरोबर, पण ते तिथंच, ट्रान्सफॉर्मरपाशी, एकदाच. त्यानंतर परत कुठं जोडले की न्यूट्रलचा करंट पट्टीतून, म्हणजे मशीनच्या बॉड्यांना जोडलेल्या वाटेनं जायला लागतो, आणि कधी न्यूट्रल तुटला तर सगळाच तिकडून. शटडाऊन घेऊन जंपर काढला, पट्टीवरचं रीडिंग जवळपास शून्य.

काही दिवस लोडवर चालल्यावर परत शटडाऊन घेऊन ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रल बुशिंगचा लग (केबलच्या टोकाची बोल्टने आवळलेली जोडणी) कसून घेतला. हा बोल्ट कुणी बघत नाही पण तो सैल होऊन न्यूट्रल सुटला तर ज्या फेजवर लोड कमी तिथं २३० च्या जागी ४०० च्या जवळपास व्होल्टेज चढू शकतं, आणि व्हीएमसीच्या कंट्रोल कार्डाची किंमत ज्यांनी मोजलीय त्यांना वेगळं सांगायला नको. आता मेंटेनन्सच्या रजिस्टरमध्ये तो लग आणि उन्हाळ्यात खड्ड्यांना पाणी घालून घ्यायचं रीडिंग, दोन्ही लिहून ठेवलंय.